लेजर, लॉगिन आणि वहिनींचा मोबाईल

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारलाच परत केले. जिल्ह्याजिल्ह्यातल्या प्रकल्प कार्यालयांत गेल्या, पिशवीतून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. कारणं त्यांनी अगदी सरळ सांगितली होती. फोन २ जीबी रॅमचे, आता जुने झालेत, तापतात, मध्येच हँग होतात, बिघडले की दुरुस्तीचे पैसे आमच्याच खिशातून जातात, आणि त्याच वर्षी १ मार्चपासून जे बाळांच्या वजन-उंचीच्या आणि आहाराच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलंय ते इंग्रजीत आहे. आम्हाला काम नको असं कुणीच म्हणत नव्हतं, या फोनवर हे काम होत नाही एवढंच म्हणत होत्या.

त्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या ओळखीतल्या बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांचं मत मात्र ठरलेलं होतं, की या बायका टेक्नॉलॉजीला घाबरतात, काम मोजलं जाणार म्हणून नको म्हणतात, होईल हळूहळू सवय. मला त्या बोलण्याचा फार त्रास झाला. एक तर माझ्या वहिनी, म्हणजे थोरल्या भावाच्या मिसेस, जावळी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत आणि त्यांचं काम मी जवळून बघितलंय. आणि दुसरं म्हणजे हीच वाक्यं, जवळजवळ याच शब्दांत, मी नोकरीच्या सुरुवातीला ऐकलेली होती, आमच्याबद्दल, बँकवाल्यांबद्दल.

ऐंशीच्या दशकात मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागले. तेव्हा ब्रँच म्हणजे लेजर, सगळ्या खात्यांच्या नोंदींची जाडजूड वही. एकेक लेजर एवढं जड की दोन्ही हातांनी उचलावं लागायचं, सकाळी दफ्तरी, म्हणजे ब्रँचचं दफ्तर सांभाळणारा माणूस, ते स्ट्राँगरूममधून काढून काउंटरवर आणून ठेवणार, संध्याकाळी परत आत. चेक आला की लेजर कीपर खातं काढणार, बॅलन्स बघणार, पोस्टिंग म्हणजे खात्यात नोंद करणार, पासिंग ऑफिसर सही जुळवून बघणार, गिऱ्हाईक हातात पितळी टोकन घेऊन बाकावर बसलेलं. दिवसाच्या शेवटी डे बुक टॅली व्हायला पाहिजे, नाही झालं तर डिफरन्स सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं, आणि सहामाही आली की आम्ही सगळे पानापानावरची ती कमीतकमी शिल्लक शोधून प्रॉडक्ट, म्हणजे व्याजासाठीचे गुणाकार, काढत बसायचो, रात्री उशिरापर्यंत, ब्रँचमध्येच वडापाव मागवून. रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायचं तर हाताने कधीच झालं नसतं. ते १ एप्रिल २०१० पासून सुरू झालं, सगळ्या बँका कॉम्प्युटरवर आल्यावर. त्यामुळे यंत्राने माणसांचं भलं होतं हे मला कुणी पटवायला नको, गोरगरिबाच्या खात्यात चार रुपये जास्त पडताना मी स्वतः बघितलेत.

पण ते यंत्र बँकेत आलं कसं, हे सांगण्यासारखं आहे.

८ सप्टेंबर १९८३ ला इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटनांमध्ये यांत्रिकीकरणाचा करार झाला. कुठल्या ऑफिसात कुठली मशीन बसवायची, किती बसवायची, ती चालवणाऱ्याला काय भत्ता मिळणार, हे सगळं वाटाघाटी करून कागदावर आलं. त्याच सुमाराला तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९८४ ला तिचा अहवाल आला, मग दुसरी रंगराजन समिती, मग २९ ऑक्टोबर १९९३ चा आणखी एक करार. म्हणजे मशीन ब्रँचच्या दारात यायच्या आधी दिल्ली-मुंबईत टेबलाच्या दोन बाजूंना माणसं बसत होती. लोक युनियनला शिव्या घालायचे, अजूनही घालतात, की यांच्यामुळे देश दहा वर्षं मागे राहिला. त्यात खरं नाही असं मी म्हणणार नाही. पेन्शनरांनी उन्हात रांगा लावल्या, ड्राफ्ट वटायला आठवडे लागले, आणि यातला काही उशीर निव्वळ ताणून धरल्यामुळे झाला.

तरीपण त्या टेबलाच्या पलीकडे बसायचा हक्क आम्हाला कुणी दयेपोटी दिलेला नव्हता, हे विसरता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होतं. मालकाला कामगारांच्या सेवाशर्तींत काही ठरावीक प्रकारचे बदल करायचे असतील तर आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. कुठले बदल, तर कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात यादी होती, आणि त्या यादीत यंत्रसामग्री किंवा कामाच्या तंत्रात अशी सुधारणा, जिच्यामुळे कामगार कपात होण्याची शक्यता आहे, हेही होतं. ज्यांनी कुणी हे १९५६ च्या दुरुस्तीत घातलं त्यांना कॉम्प्युटर डोळ्यांपुढे नसेल, पण माणसाच्या हाताखालचं काम बदलायचं तर त्याला आधी सांगावं लागतं एवढी समज होती. आम्ही त्या समजेच्या जोरावर उभे होतो.

अंगणवाडी सेविका कशाच्या जोरावर उभ्या राहणार? अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, देशात आज जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास, आणि एवढ्या सगळ्या बायका कागदोपत्री मानसेवी आहेत. पगार नाही, मानधन. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अमीरबी प्रकरणात सांगितलं की त्यांचं पद हे नागरी सेवेतलं पद नाही. ग्रॅच्युइटी मिळावी एवढा निकाल यायला एप्रिल २०२२ उजाडलं. ज्या बाईला सरकार नोकरदारच मानत नाही तिला कामाची पद्धत बदलायच्या आधी विचारायचं कशाला, असा सरळ हिशोब झाला असणार, म्हणजे कुणी ठरवून वाईट वागलं असंही नाही, विचारायची जागाच त्या व्यवस्थेत कुठे ठेवलेली नव्हती. म्हणून मग त्यांना त्यांचं म्हणणं फोन परत करून सांगावं लागलं. ते आंदोलन मला तरी फार सभ्य वाटलं. कुणी फोन फोडले नाहीत, सहीशिक्क्यानिशी परत दिले.

आता एक गोष्ट आमच्या बाजूचीही बोलते, कारण बँकेतल्या त्या वाटाघाटींत एक मोठी उणीव होती आणि ती मला फार उशिरा लक्षात आली. संघटनेने नोकरी, भत्ता, बदली हे सगळं विचारलं, पण स्क्रीन कशी असावी हे कुणीच विचारलं नाही. ना मॅनेजमेंटने ना युनियनने. ज्या माणसाने वीस वर्षं लेजर ओढलं त्याला माहीत होतं की एका पानावर नजर टाकली की त्याला एका दमात काय काय दिसतं. नाव, जॉइंट कोण, मागच्या महिन्यात पैसे कधी आले, वर लाल शाईत लिहिलेलं स्टॉप पेमेंट, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं 'मुलगा येतो'. सुरुवातीच्या पोस्टिंग मशीनमध्ये यातलं निम्मं दिसायचं नाही, किंवा दिसायचं पण चार ठिकाणी जाऊन. मग काय व्हायचं, तर मशीनवर पोस्टिंग व्हायचं आणि शेजारी लेजरही चालूच, दोन्ही जुळवायचे, म्हणजे काम कमी करायला आणलेल्या यंत्राने पहिली काही वर्षं काम दुप्पट केलं. त्या दुप्पट कामालाच वरचे लोक 'स्टाफचा विरोध' म्हणायचे.

प्रतिनिधीला विचारणं आणि काम करणाऱ्या हाताला विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्ही करावी लागतात. पहिल्याने माणसाची भीती कमी होते. ब्रँच मात्र दुसऱ्याने चालते.

हे दुसरं विचारणं मी एकदाच नीट झालेलं बघितलं. कोअर बँकिंगच्या वेळी, म्हणजे सगळ्या ब्रँचेसची खाती एकाच मध्यवर्ती कॉम्प्युटर सिस्टीमवर जोडली गेली तेव्हा. त्याआधी १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना सांगितलं होतं की १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय कॉम्प्युटरवर आणा, तेव्हापासून धावपळ चालूच होती. आणि नेमकं त्याच वेळी, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली आणि देशभरात एक लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली. आमच्या ब्रँचमधले चारी खांब एका महिन्यात गेले. खात्यांची गुंतागुंत ज्यांच्या डोक्यात होती तीच माणसं, डेटा चढवायच्या ऐन आधी, निरोपाचा नारळ घेऊन घरी. मला आजही त्या योगायोगाचं वाईट वाटतं, कारण नंतर आम्ही कित्येक महिने फोन करकरून त्यांना विचारत होतो की काका, हे खातं असं का आहे, आणि ते बिचारे रिटायर होऊनही घरून सांगत होते.

तर पुढे आमची ब्रँच सीबीएसवर, म्हणजे कोअर बँकिंगवर, जायची तारीख आली तेव्हा आमचे मॅनेजर साहेब नवे होते, वयानेही लहान. त्यांनी बिझनेस अवर्स संपल्यावर सगळ्यांना बसवलं, दफ्तरी, शिपाई, वॉचमन, रोजंदारीवर पाणी भरणाऱ्या मावशीसुद्धा, चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला. सिस्टीम चालू झाल्यावर पहिल्या दिवशी काय काय अडेल असं तुम्हाला वाटतं? आधी कुणी बोलेना. मग दफ्तरी म्हणाला, साहेब, एक तारखेच्या जवळपास नका ठेवू, पेन्शनवाले येतात, त्यातले निम्मे अंगठेवाले, त्यांचे फोटो लेजरला चिकटवलेत, ते मशीनमध्ये कुठून दिसणार? कॅशियर म्हणाले दहा दिवसांचं दुधाचं पेमेंट डेअरीकडून यादीने येतं, यादीत फक्त नाव असतं, आणि एका गावात एकाच नावाची पाच खाती आहेत, लेजर कीपरला माहीत असतं कोण माळवाडीचा आणि कोण वरच्या आळीचा, मशीनला सांगायचं कुणी? वॉचमन म्हणाला, वीज सकाळी साडेदहालाच जाते, इन्व्हर्टर कुठवर पुरणार. आणि पाणी भरणाऱ्या मावशी म्हणाल्या, त्या टीव्हीचं तोंड गिऱ्हाइकाकडं नका करू, माणसं दुसऱ्याचं खातं वाचत्यात.

यातलं एकही वाक्य व्हेंडरच्या, म्हणजे सिस्टीम पुरवणाऱ्या कंपनीच्या, जाड मॅन्युअलमध्ये नव्हतं. साहेबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. रीजनल ऑफिसशी भांडून तारीख महिन्याच्या मध्यावर घेतली, डेअरीच्या सेक्रेटरीला बोलावून यादीत खातेनंबर टाकून घेतले, अंगठेवाल्यांचे फोटो आधी स्कॅन करून घेतले, आणि मॉनिटर वळवले. तरी पहिल्या सोमवारी गर्दी उसळली, लिंक दोनदा गेली, एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला यथेच्छ सुनावलं, सगळं काही गुळगुळीत झालं नाही. पण त्या दिवशी स्टाफमधला एकही माणूस 'हे तुमचं मशीन' असं म्हणाला नाही, अडलं की आपलं अडलंय या भावनेने जो तो धावत होता. लिंक गेली तेव्हा दफ्तरीच गिऱ्हाइकांना समजावत होता की जरा थांबा, वरून लाइन यायचीय. त्याने सुचवलेली गोष्ट मान्य झाली होती ना.

ट्रेनिंगबद्दलही थोडं बोलायला हवं. पन्नाशी उलटलेले आमचे हेड कॅशियर, बोटांनी नोटा अशा मोजायचे की मशीन मागे पडावं, ते ट्रेनिंगच्या खोलीत पोरासारखे गप्प बसायचे. समोर व्हेंडरचा पंचविशीतला मुलगा, भराभर इंग्रजीत बोलणारा, स्क्रीनमागून स्क्रीन. डाउट्स? असं विचारल्यावर कोण हात वर करणार, शेजारी आपलेच ज्युनियर बसलेले असताना. लोक म्हणतात वय आडवं येतं. मला तरी वय आडवं येताना दिसलं नाही, लाज आडवी आली. त्यांनी घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून घेतला होता नातवाकडून, आणि रात्री त्यावर बोटं फिरवायचे. शेवटी ते शिकले आमच्या काउंटरवरच्या एका मुलीकडून, सहा वाजता शटर अर्धं ओढल्यावर, मराठीत, खऱ्या व्हाउचरवर. ती मुलगी कुठल्याच प्रशिक्षकांच्या यादीत नव्हती आणि तिला त्याचा कसला मोबदलाही मिळाला नाही, पण ब्रँच तिने चालू केली. नवीन सिस्टीम आणणाऱ्याने आपल्या ऑफिसात अशी मुलगी कोण आहे हे आधी शोधावं, आणि तिचं नेहमीचं काम थोडं कमी करून तिला हेच करू द्यावं, असं मला फार मनापासून वाटतं.

आता वहिनींकडे येते.

मागच्या पावसाळ्यात चार दिवस माहेरी होते तेव्हा वजन-उंचीचा दिवस आला. वहिनींबरोबर मीही गेले. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवून घ्यायची असते, त्यावरच्याची उभं करून. आता हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण सात-आठ महिन्यांचं बाळ त्या फळीवर सरळ झोपत नसतं. मदतनीस ताईंनी डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरलं, वहिनींनी एका हाताने दोन्ही गुडघे हलके दाबले, दुसऱ्या हाताने खालची पट्टी तळपायाला टेकवली, बाळ भोकाड पसरून रडतंय, आई शेजारी टाळ्या वाजवतीये, आणि त्या एका क्षणात आकडा वाचायचा, नाहीतर बाळ पाय ओढून घेणार. चारी हात गुंतलेले. फोन कुठल्या हाताने धरायचा? वहिनींनी आकडा मोठ्याने म्हटला, बाळाच्या आईनेच तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिला. अशी सतरा-अठरा बाळं झाली. ते कॅलेंडर घडी घालून पिशवीतून घरी आलं आणि रात्री जेवणं आवरल्यावर, ओट्याशेजारच्या खिडकीत जिथे रेंज येते तिथे उभं राहून, वहिनींनी एकेक आकडा फोनमध्ये भरला. म्हणजे तीच नोंद दोनदा. आणि तिसऱ्यांदा रजिस्टरला, कारण रजिस्टरही बघितलं जातं.

मी म्हटलं, वहिनी, तिथल्या तिथे का नाही भरत? तर म्हणाल्या, "आवो वन्सं, पोरगं सांभाळू का ठोकळा सांभाळू? आन् भरताना चुकला एखादा आकडा तर पोरगं कुपोषितात जातंय की. रातीचं निवांत भरलेलं बरं."

ते शेवटचं वाक्य मी कित्येक दिवस घोळवत होते. एका चुकीच्या आकड्याने मूल तीव्र कुपोषितांत दिसेल, वरून फोन येईल, आईबाप घाबरतील, किंवा उलटं, खरंच खालावलेलं मूल बरं दिसेल आणि तेच राहून जाईल. वहिनींना आकड्याची किंमत आमच्या हेड ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळते, कारण आकड्यामागचं पोर त्यांनी धरलेलं असतं. म्हणूनच त्या रात्री भरतात. त्याला वरून बघणारा 'लेट एंट्री' म्हणणार, स्क्रीनवर वेळ दिसते ना. तिथल्या तिथे नोंद व्हावी असं खरंच वाटत असेल तर आधी त्या खोलीत तिसरा माणूस तरी द्या, नाहीतर आकडा बोलून नोंदवायची सोय द्या. हे सुचायला कुणी तज्ज्ञ लागत नाही, एक दिवस त्या सतरंजीवर बसावं लागतं.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना चेहरा पडताळणी सक्तीची झाली, त्याच्या आधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. हेतू चांगला आहे, आहार खऱ्या लाभार्थीलाच पोचावा, मध्ये कुणी खाऊ नये, याबद्दल माझं दुमत नाही. पण आमच्याकडची घरं कशी आहेत? जावळी-पाटणकडचा गडी वाशीच्या मार्केटात माथाडी, नाहीतर मुंबईत कुठे ड्रायव्हर. आधारला जोडलेला मोबाईल नंबर त्याचा, कारण घरात पहिला फोन त्यानेच घेतला. ओटीपी जातो वाशीला. तो डोक्यावर पोतं घेऊन चालतोय, फोन उचलत नाही, बायको इथे अंगणवाडीच्या दारात पोर काखेत घेऊन उभी, आणि वहिनी स्वतःच्या फोनवरून त्याला तिसऱ्यांदा लावतायत, "दाजी, सहा आकडे आलं असतील, तेवढं सांगा." कधी बाई भातलावणीला गेलेली असते आणि आहार न्यायला सासू येते. मग म्हातारीला डोंगर चढून परत पाठवायचं का, सुनेला चिखलातून बोलवायचं, हे ठरवणं वहिनींवरच. आणि गावात वाईटही त्याच होतात, ॲपला कोण वाईट म्हणणार.

हे सगळं ऐकून माझा पुतण्या, म्हणजे वहिनींचाच मुलगा, जो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला म्हणाला, आत्या, आमच्याकडे याला युजर रिसर्च म्हणतात आणि बजेट कापायचं झालं की पहिलं तेच कापतात. मी त्याला नॉर्वेची गोष्ट सांगितली, रिटायर झाल्यावर वाचलेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टन न्यगार्ड नावाच्या संगणकशास्त्रज्ञाला बरोबर घेतलं. हा माणूस साधासुधा नाही, सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा करणाऱ्या दोघांतला एक. त्यांनी कारखान्यात येणाऱ्या संगणक प्रणाली कामगारांनीच समजून घ्याव्यात, त्यावर मत बनवावं, असं काम केलं, आणि त्यातून १९७५ ला तिथे मालक आणि कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांमध्ये डेटा करार झाला. नवी प्रणाली येणार असेल तर कामगारांना आधी, आणि त्यांना समजेल अशा भाषेत, माहिती द्यायची. पुढे १९८१ ते ८५ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या छपाई कामगारांबरोबर युटोपिया नावाचा प्रकल्प झाला, त्यात तर कॉम्प्युटर यायच्या आधी पुठ्ठ्याचे नकली प्रिंटर आणि स्क्रीन मांडून कामगारांनी त्यावर काम करून दाखवलं, की हे इथे नको, तिकडे पाहिजे. एक पैशाचं कोडिंग नाही. पुतण्या म्हणाला हे आमच्या मॅनेजरला सांगायला पाहिजे, मी म्हटलं सांग.

आता सगळीकडे एआय, एआय चाललंय. बँकांत, सरकारी ऑफिसांत, हॉस्पिटलांत, रोज काहीतरी नवीन येतंय आणि वरून फतवा निघतो की अमुक तारखेपासून वापरा. माझ्या बॅचचे लोक तर आता सगळे बाहेर पडलेत, पण आमची मुलं, सुना, जावई त्या ऑफिसांत आहेत, आणि त्यांना चाळीशीतच तेच वाटतंय जे हेड कॅशियरना पन्नाशीत वाटत होतं. भीती तीच आहे, आपली जागा राहील ना, आपल्याला जमेल ना, आणि आपल्याला जे कळतं त्याला काही किंमत आहे ना. पहिल्या दोन प्रश्नांवर निदान सेमिनार तरी होतात. तिसऱ्यावर कोण बोलतंय? व्हीआरएसच्या वेळी आम्ही जे घालवलं ते याच तिसऱ्या प्रश्नात होतं.

पोषण ट्रॅकरचं म्हणाल तर बरंच बदललंय, हेही लिहायला पाहिजे. ॲप आता मराठीसकट देशातल्या बऱ्याच भाषांत आहे, महाराष्ट्रात नवीन फोनही आले. म्हणजे २०२१ ला त्या बायका जे सांगत होत्या ते खरं होतं, आणि ते दुरुस्त करता येण्यासारखंही होतं. मध्ये गेलेली वर्षं, भांडणं, मोर्चे, कोर्टकचेऱ्या, हे सगळं एका महिन्यात पंचवीस-तीस अंगणवाड्यांत बसून आधीच टाळता आलं असतं असं मला ठाम वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमी बँकेत व्हता, अर्ज झ्याक लिवता. आमच्या बीटच्या बायकांचा एक लिवून द्या." बीट म्हणजे एका सुपरवायझरकडच्या अंगणवाड्या. मग संध्याकाळी शेजारच्या तीन वाड्यांतल्या सेविका ओटीवर जमल्या आणि त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. वजन-उंचीच्या दिवसापुरती नोंद रात्री बारापर्यंत घेतली जावी आणि ती उशिराची धरू नये. रेंज नसेल तर भरलेलं फोनमध्येच साठून राहावं आणि ते साठलंय हे स्क्रीनवर दिसावं, नाहीतर आम्ही पुन्हा भरतो आणि दोनदा जातं. ओटीपीसाठी आधारचा नंबर बदलून घ्यायचं शिबिर तालुक्याला नको, गावात घ्या, आणि भातलावणी झाल्यावर घ्या. सासूला आहार द्यायचा की नाही ते लेखी कळवा. जे ॲपमध्ये भरलं ते रजिस्टरला पुन्हा मागू नका. पुढचं काही नवीन आणाल तेव्हा आमच्यातल्या दोघींना आधी दाखवा, एक डोंगरावरची आणि एक रस्त्याकडेची, कारण दोघींच्या अडचणी वेगळ्या.

शेवटचा मुद्दा वयाने सगळ्यात लहान असलेल्या सेविकेचा होता, आणि तो मी तिच्याच शब्दांत ठेवला. अर्ज दोन प्रतींत केला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सुपरवायझर मॅडम महिन्याच्या मीटिंगला आल्या तेव्हा वहिनींनी एक प्रत त्यांच्या हातात दिली आणि दुसरीवर पोच घेतली. मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या पूर्ण वाचला म्हणे, आणि रजिस्टरच्या मुद्द्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हे आमचंपण आहे, आम्हालाही दोन्हीकडे भरावं लागतं. आता तो अर्ज त्यांच्या सहीने वर प्रकल्प कार्यालयात गेलाय.